बटणावरचं कुंकू

कॉम्प्युटर सुरू करायला असं काय लागतं, असं कुणी म्हणालं की अजूनही माझं डोकं फिरतं. परवा भाचीचा मुलगा म्हणाला. त्याने बटण दाबलं आणि पडदा उजळेपर्यंत तो चहा घेऊन आला. त्याच्या यंत्राच्या पोटात एक चिप आहे, तिच्यात सुरुवातीच्या सूचना कायमच्या भरून ठेवलेल्या आहेत, आधी ती जागी होते आणि मग बाकीच्यांना उठवते, हे त्याला ठाऊक नाही. ठाऊक असायची गरजही नाही. त्याचा काही दोष नाही. पण ही चिप नव्हती तेव्हा त्या सूचना माणसाला हाताने भराव्या लागत. त्या कुणी भरायच्या आणि कुणी त्यांच्या जवळपासही फिरकायचं नाही, यावर माझी नोकरी टांगलेली होती. म्हणून मला राग येतो, आणि वय झालं म्हणून तो कमी झालेला नाही.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. गावाबाहेर ज्वारी-कापसाच्या नव्या वाणांची चाचणी करणारं एक केंद्र होतं. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेला नवीन यंत्र मिळालं तेव्हा त्यांचा जुना मिनी कॉम्प्युटर ट्रकमध्ये घालून आमच्याकडे धाडून दिला. कपाटाएवढा होता. त्याच्यासाठी एक खोली रंगवली, एअर कंडिशनर बसवला, दाराबाहेर चपला काढायची पाटी लावली. धूळ आत जाऊ नये म्हणून ती पाटी होती. पण लोक चपला काढत आणि आत येऊन हातही जोडत. खेड्यातून आलेली माणसं दारातून वाकून बघत आणि जाताना उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावत. कुणी त्यांना हे देऊळ नाही म्हणून सांगितलं नाही. साहेबांना ते आवडायचं.

मी तिथे टेंपररी ऑपरेटर होते. आमचं गाव इंझोरी. माझे वडील दुसऱ्याच्या वावरात राबत, पुढे थोडी स्वतःची जमीन झाली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले होते. मला त्यांनी पोटाला चिमटा घेऊन बी.एस्सी. केलं. नागपूरला मी या जातीच्या यंत्राचं रीतसर शिक्षण घेतलं आणि मग ही नोकरी मिळाली. दिवाळीनंतर माझी मुदत संपणार होती. त्याआधी कायम व्हायचं तर एकच अट होती. यंत्र सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत मी स्वतंत्रपणे चालवते, असा साहेबांचा दाखला हवा होता. कायम झाले तर मी स्वतःच्या पायावर उभी राहणार होते. नाही झाले तर इंझोरीला परत, आणि तिथे माझ्यासाठी स्थळ तयारच होतं.

आता सुरू करणं म्हणजे काय ते सांगते. यंत्राच्या तोंडावर खटक्यांची एक रांग होती. खटका वर म्हणजे एक, खाली म्हणजे शून्य. एक सूचना खटक्यांवर मांडायची, शेजारचं बटण दाबून ती आत टाकायची, मग पुढची मांडायची. अशा पंधरा-वीस सूचना. एवढं झालं की यंत्राला निदान इतकं कळे, की समोर कागदी पट्टी वाचायचा वाचक आहे आणि ती पट्टी ओढून घ्यायची आहे. मग पट्टीवरून मोठा प्रोग्राम आत येई आणि काम सुरू होई. खरं तर वीज गेली तरी त्या यंत्राची आठवण पुसली जाऊ नये, अशी त्याची बांधणी होती. पण वाशीमची वीज सरळ जायची नाही. आचके देत जायची, आणि जाताना त्या पहिल्या सूचनांचा चिवडा करून जायची. वीज परत आली की पुन्हा पहिल्यापासून खटके.

हे खटके फक्त साहेब लावत. साहेब देशावरून बदली होऊन आलेले होते, पन्नाशीचे, हळू बोलणारे. खटके लावायच्या वेळी ते सगळ्यांना बाहेर काढत. मी काचेतून बघायची. आमच्याकडे पाठ करून, ओठ हलवत, एकेक खटका. मधे कुणी दार उघडलं तर थांबत. पुस्तक त्यांच्या कपाटात कुलपात. अहो, कसलं गुपित? कंपनीने छापलेल्या पुस्तकात पहिल्याच पानांवर त्या ओळी होत्या, मी त्या नागपूरला शेकडो वेळा लावल्या होत्या. छापील माहितीचा त्यांनी गुरुमंत्र करून ठेवला होता. मी पहिल्याच महिन्यात विचारलं, साहेब, आज मी लावू का? ते म्हणाले, "घाई कशाला, बाई? आधी यंत्राची ओळख होऊ द्या." नंतरही विचारलं. ओळख व्हायचीच राहिली.

आणि त्यांना वाईट तरी म्हणू कसं? इतर ऑफिसांत आमच्या लोकांचा कप वेगळा ठेवलेला मी पाहिला आहे. इथे तसं नव्हतं. मी त्यांच्याच किटलीतला चहा प्यायची, त्यांच्या घरचा चिवडा खायची. जातीचा उल्लेख त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मी आज त्यांना अहो-जाहो करते आहे तीही त्यामुळेच पडलेली सवय. दोन महिने मी स्वतःलाच दोष देत राहिले, की आपल्यालाच उगाच वास येतो आहे.

मग एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत सांगितलं, "बाई, ते चार दिवस आपण आत येऊ नये. तुम्ही मला आधी कळवत जा, मी दुसरी सोय करीन. तुम्हालाही विश्रांती मिळेल." मला पहिल्यांदा कळलंच नाही. कळलं तेव्हा कानांतून वाफा निघाल्या. कावळा शिवलेल्या बाईने लोणच्याच्या बरणीला हात लावू नये हे आईच्या शेजारणी पाळायच्या. इथे ती बरणी विजेवर चालत होती, एवढाच फरक. जे उघड म्हणता येत नव्हतं त्याला त्यांनी एक सभ्य दार शोधून काढलं होतं. त्या दारातून मला बाहेर काढलं तर कुठल्याही कायद्याला खोकलासुद्धा येणार नव्हता.

मी हो म्हटलं. आणि पहिल्याच महिन्यात खोटे दिवस सांगितले. पुढच्याही महिन्यात. खोट्या दिवसांत मी खोलीवर लोळून पुस्तकं वाचायची आणि खऱ्या दिवसांत यंत्रासमोर बसून त्याला जोडलेला टेलीप्रिंटर बडवायची. यंत्राला कधी शिंकही आली नाही.

त्या उन्हाळ्यात साहेब बहिणीकडच्या लग्नाला गेले आणि वीज गेली. आली, पण यंत्र मेलेलंच. अनसिंगकडच्या प्लॉटांचे आकडे येऊन पडले होते, पेरणीच्या आधी कोणतं बियाणं पुढे न्यायचं ते त्यावर ठरायचं होतं. मी खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसले. आमचा शिपाई अनसिंगचाच, कुणबी, माझ्या वडिलांच्या वयाचा. तो दारात येऊन उभा राहिला.

"बाई, तुमाले येते ना हे? मंग काहून बसून राह्यल्या?"

"मले हुकूम नाई, भाऊ."

"हुकूम? लाइट गेली तवा तिनं कोनाले इचारलं?"

तो हसला, मला हसू आलं नाही. साहेब परत येईपर्यंत ते कपाट तसंच उभं राहिलं आणि बियाण्याचा निर्णय मागच्या वर्षीचे आकडे बघून झाला. हात लावला असता तर नियम मोडला म्हणून त्याच दिवशी घरी. नाही लावला तर अनुभव नाही म्हणून दिवाळीत घरी. आडात पड म्हणायचं किंवा विहिरीत पड म्हणायचं, वर बाईंनी स्वतःच उडी मारली असं सांगायला मोकळं.

पावसाळा सरता सरता कंपनीचा एक इंजिनियर नवीन कार्ड घेऊन आला. तळहाताहून थोडं मोठं. त्याच्यावर आडव्या-उभ्या तारा आणि मण्यांसारखे डायोड झाळलेले. जिथे डायोड आहे तिथे एक, जिथे जागा मोकळी तिथे शून्य. ज्या सूचना साहेब ओठ हलवत भरायचे त्या सगळ्या तिथे कायमच्या बसवलेल्या होत्या. वीज येवो, जावो, आचके देवो, त्या पुसल्या जाणार नव्हत्या. कार्डाच्या कडेला दोन-तीन छोट्या तारा मोकळ्या ठेवल्या होत्या. त्या कुठे जोडल्या यावर ठरायचं, की यंत्राने सुरुवात वेगवान वाचकावरून करायची की टेलीप्रिंटरच्या संथ वाचकावरून. इंजिनियरने विचारलं, साहेब म्हणाले वेगवान, त्याने तार डाख देऊन जोडली. पुढे मी याच तारांचे वंशज खूप पाहिले. तारांच्या जागी पिना आल्या, पिनांच्या जागी बॅटरीवर जपलेल्या सेटिंग्ज आल्या, मग त्या बदलायला निळा पडदा आला, आणि त्या पडद्याला पासवर्डही आला. यंत्र दरवेळी सोपं होत गेलं आणि दरवेळी कुणीतरी कुलूप घेऊन पोचलंच.

इंजिनियरने स्वतः एकदा बटण दाबून दाखवलं. पट्टी सर्रकन आत गेली. "बस. आता कुणीही सुरू करू शकतं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बाई, दाबा, बघा."

मी हात पुढे केला.

"थांबा," साहेब म्हणाले. "आधी पूजा होऊ द्या. खंडेनवमी आलीच आहे."

आणि त्यांनी यंत्रावर पांढरी चादर टाकली. काम थांबलं ते थांबलंच. पण मी मनातल्या मनात खूश होते. गुरुमंत्र संपला होता. एक बटण लपवून लपवून किती लपवणार?

खंडेनवमीला सगळीकडे हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-नांगर पुजतो, एसटीवाले बसला झेंडूचा हार घालतात. आमच्याकडे कॉम्प्युटर होता. अकोल्याहून वरचे अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते, बटण त्यांच्या हस्ते. त्याच दिवशी माझे वडील आले. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस, मला नागपूरला सोबत न्यायचं होतं. शेलूबाजारला गाडी बदलून, पिशवीत भाकरी बांधून आले होते. ते बाहेर काचेपाशी उभे राहिले.

"हे मशीन तूच चालवतं ना?"

"हो, बाबा."

"मंग आता कोन चालू करून राह्यलं?"

"पाहुने."

"अन् तू?"

"मी उभी राहीन."

"उभं राहाले पगार देते का सरकार?" ते म्हणाले. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

आत उदबत्त्या लावल्या होत्या. बंद खोलीत एअर कंडिशनर आणि उदबत्तीचा धूर. ज्या खोलीत धूळ नको म्हणून चपला बाहेर, त्या खोलीत. साहेबांनी मंत्र म्हटले, हळद-कुंकू पाण्यात कालवून खटक्यांच्या रांगेला बोटं ओढली, बटणाला तर चांगला थर दिला आणि वरून अक्षता टाकल्या. पाहुण्यांनी अंगठ्याने बटण दाबलं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. दिवे एकदा लुकलुकले आणि एका जागी थिजले. पाहुण्यांनी अंगठा काढला, परत दाबला. पट्टी हलेना.

साहेब यंत्राच्या मागे गेले. त्यांनी मागची वायर बघितली, प्लग बघितला. बटणाकडे बघितलं नाही, कारण तिथे तर कुंकू होतं, तिथे काय बिघडणार? मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ येऊन, हळूच, पण बाकीच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बाई, आज तुमचे दिवस तर नाहीत ना? तसं असेल तर आपण आज आत यायला नको होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाहुणे तेवढे भिंतीकडे बघायला लागले. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम वर आलं आणि मला ते अडवायचं नव्हतं.

"आहेत," मी म्हटलं. "आज दुसरा दिवस आहे. आणि मी तुम्हाला सांगितलेले दिवस सगळे खोटे होते. तुम्ही मला बाहेर ठेवलंत तेव्हा मी चांगली होते, आणि माझ्या दिवसांत मी इथेच बसून तुमचे आकडे काढत होते. एकदाही यंत्र बंद पडलं नाही. आज पडलं, कारण त्याच्या बटणात तांदूळ गेलाय."

मी केसातला आकडा काढला. बटणाच्या फटीत तांदळाचा दाणा ओल्या कुंकवात रुतून बसला होता, तो उकरून काढला. टेलीप्रिंटर पुसायच्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवला आणि बटण पुसलं, मग एकेक खटका पुसला. कापूस लाल झाला. मागे एक बाई, कुठल्या तरी साहेबांची बायको असावी, "अगं बाई, सणासुदीला कुंकू पुसलं" असं पुटपुटली. कुणी तरी तिला गप्प केलं. बटण वर आलं. मी ते दाबलं. पट्टी धावली, टेलीप्रिंटर खडखडला, दिवे पळायला लागले.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नाही, समारंभासाठी. पेढे वाटले गेले. मी पेढा घेतला नाही.

बाहेर वडिलांनी विचारलं, "तू आत काय बोलली? काय पुसलं तिथं?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, बरं केलं. देव नदीत सोडले तेव्हा अख्ख्या गावाने विहीर बंद केली होती आणि हा माणूस हलला नव्हता. ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले.

"मंग आता कायम नाई करत काय तुले?"

मला त्यांचाही राग आला. नागपूरच्या गाडीत मी त्यांच्याशी बोलले नाही. ज्या दिवशी लाखो माणसं मान वर करून चालतात त्या दिवशी मी फुगून बसले होते, आणि आज वाटतं, प्रश्न त्यांनी बरोबर विचारला होता. मुलीचं शिक्षण त्यांच्या घामाचं होतं. मान वर करून पोट भरत नाही हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

सुट्टीनंतर रोज सकाळी यंत्र शिपाई सुरू करायला लागला. झाडू मारायचा, पंखा लावायचा, बटण दाबायचा. साहेबांनीच त्याला सांगितलं होतं. मी दहाला पोचायची तेव्हा ते आधीच सुरू असायचं.

दिवाळी झाली आणि साहेबांनी मला बोलावलं. चहा मागवला. कागद पुढे सरकवला. स्वतंत्रपणे यंत्र सुरू करण्याचा अनुभव सिद्ध होत नाही, सबब कायम करता येत नाही.

"सगळ्यांदेखत सुरू केलं ना मी?"

"ते बटण दाबणं झालं, बाई." आवाज नेहमीसारखा मऊ. "कार्ड बसल्यापासून सुरू करणं हे काम राहिलेलं नाही. आता शिपाईसुद्धा करतो. त्याला अनुभव कसं म्हणणार?"

"आणि आधी?"

"आधी ते कौशल्याचं काम होतं. ते तुम्ही कधी केलं नाहीत."

"तुम्ही करू दिलं नाहीत."

त्यांनी पेनचं टोपण काढलं. अवघड होतं तोवर ते माझ्यासाठी नव्हतं, आणि माझ्या हातात आलं त्या दिवशी त्याची किंमत शून्य झाली. हे इतकं चोख होतं की ओरडायलासुद्धा कुठे जागा नव्हती. चहावर साय धरली होती. ते पेन माझ्याकडे करून बसले होते.

"मग खरं कारण लिहा," मी म्हटलं. "मी माझ्या दिवसांत आत आले आणि देवाचं कुंकू पुसलं, असं लिहा. मी लगेच सही करते."

त्यांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच ते मनापासून दुखावल्यासारखे दिसले.

"असं कसं लिहिता येईल, बाई? हा सरकारी कागद आहे."

मी सही केली नाही. कागदाला तिची गरजही नव्हती.